भरतीच्या वेळी वाहने लावू नयेत

रेवदंड्याच्या शरच्चंद्र वर्तकांनी तेहेतीस वर्षांच्या नोकरीत लोकांना शेकड्याने नोटिसा दिल्या होत्या. त्यांना स्वतःला मिळालेली पहिली नोटीस मात्र खाऱ्या पाण्याने भिजलेली होती. ती त्यांनी मांडीभर समुद्रात उभं राहून, पँट एका हाताने वर धरून, दुसऱ्या हाताने सही करून घेतली. सही नेहमीसारखी आली नाही, ही खंत त्यांना पुढे बरेच दिवस होती.

झालं ते असं. मार्गशीर्षातला रविवार होता आणि वेळशेतला त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंच्या मावसबहिणीकडे भाचीचं, इराचं, केळवण होतं. शरदरावांनी निवृत्तीनंतर गाडी घेतली होती, पांढरी, आणि ती दुसऱ्याच्या गावात नेऊन उभी करण्याची हौस अजून फिटली नव्हती. वेळशेत गाव तसं लहान, पण किनारा नावाजलेला. ग्रामपंचायतीचा वाहनतळ मुंबईच्या गाड्यांनी खचाखच भरलेला. शरदराव गाडी हळूहळू पुढे घेत राहिले. सुरूचं बन संपलं आणि पलीकडे त्यांना घट्ट, सपाट, पांढरं मैदान दिसलं. एकही गाडी नव्हती. अशी जागा मोकळी कशी राहिली, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्याचं उत्तर लगेच खांबावर मिळालं.

खांबावर दोन फलक होते. वरचा निळा फ्लेक्स: ‘पोलीस भरती पूर्वतयारी शिबिर. मैदानी सराव रोज सकाळी ६ ते ८.’ त्याखाली पंचायतीचा जुना पत्र्याचा फलक: ‘भरतीच्या वेळी येथे वाहने लावू नयेत. आदेशावरून.’ मैदानावर चुन्याच्या रेघा आखलेल्या होत्या, गोळाफेकीचं वर्तुळ होतं. शरदरावांची सगळी नोकरी कचेरीतल्या आस्थापना शाखेत गेलेली. सरळसेवा भरती, अनुकंपा भरती, भरतीला स्थगिती, स्थगितीला मुदतवाढ, हा शब्द त्यांच्या टेबलावरून रोज पंधरा वेळा जायचा. त्यांनी घड्याळात पाहिलं. अकराला पाच कमी होते.

दुर्गाबाई म्हणाल्या, “अहो, समुद्र जवळ वाटतोय.”

“फलक वाच,” शरदराव म्हणाले. “भरती आठलाच संपली.”

दुर्गाबाईंनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांच्या संसारात कुठे बोलावं आणि कुठे नुसती पर्स उचलून खाली उतरावं हे त्यांना कळत होतं. त्या उतरल्या.

केळवण झकास झालं. वालाचं बिरडं होतं, खरवस होता. शरदरावांनी दोन्ही दोनदा घेतलं आणि जेवता जेवता पाहुण्यांना फलक नीट वाचण्याचे फायदेही सांगितले. मुंबईची माणसं वाचत नाहीत, म्हणून तिकडे वाहनतळात एकावर एक चढली आहेत, असं ते म्हणाले. दीड वाजता विडा तोंडात टाकून ते मैदानाकडे निघाले, तेव्हा सुरूच्या बनात जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. सगळ्यांचे मोबाईल वर होते. काय पाहताहेत म्हणून शरदरावांनीही टाचा उंचावल्या. लोक समुद्रात उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीचे फोटो काढत होते. कोणा गाढवाची असेल, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं. नंबर दिसला आणि विडा घशात गेला.

पुढचा पाऊण तास त्यांना तुकड्यातुकड्याने आठवतो. हर्षद नावाच्या माणसाने ट्रॅक्टर आणला. गाडीला दोर बांधला. गाडी एकदा जराशी तरंगली, तेव्हा गर्दीतून टाळ्या आल्या. ग्रामपंचायतीचा शिपाई मोरू शिट्टी फुंकत पाण्यात शिरला. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून नोटिशीचं पुस्तक काढलं, कार्बन नीट घातला आणि अदबीने नाव विचारलं. नोटिशीत लिहिलं होतं: ‘भरतीच्या वेळेबाबतची सूचना जाणीवपूर्वक डावलून किनाऱ्यावर वाहन लावल्याबद्दल दंड रुपये पाचशे.’

दंडाचं शरदरावांना काही वाटलं नसतं. पैसे त्यांनी तिथल्या तिथे, भिजलेल्या पाकिटातून देऊनही टाकले. पण ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द त्यांच्या मनात रुतला. आस्थापना शाखेत हा शब्द फार जपून वापरायचा असतो. चूक झाली तर ताकीद मिळते, हयगय झाली तर वेतनवाढ रोखतात. पण ‘जाणीवपूर्वक’ लागलं की माणूस घरी जातो. शरदरावांनी तेहेतीस वर्षांत तो शब्द फक्त दोघांना लावला होता आणि दोन्ही वेळा त्यांना जेवण गेलं नव्हतं. आणि आता तोच शब्द एका शिपायाने, बॉलपेनाने, कमरेपर्यंत ओलं होऊन, त्यांना लावला होता.

गाडी दोन दिवसांनी सुरू झाली. तिच्यातला समुद्राचा वास गेला नाही आणि चौथ्या दिवशी मागच्या सीटखालून एक खेकडा निघाला. पण शरदरावांचं त्याकडे लक्षच नव्हतं. सोमवारी सकाळी साडेदहाला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, जेवणाच्या टेबलावर गुलाबी कव्हराची फाईल मांडली, टॅग ओवला आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘विषय: मौजे वेळशेत येथील दंडाच्या नोटिशीविरुद्ध हरकत.’ लिहिताना त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या. निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. त्या आठ महिन्यांत त्यांनी वाडीतले नारळ आकारमानाप्रमाणे लावले होते आणि मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांना क्रमांक देण्याची सूचना दुर्गाबाईंना तीनदा केली होती. आता समोर खरीखुरी फाईल होती. गुडघा दुखायचा थांबला. दुर्गाबाईंनी हे पाहिलं आणि ‘पैसे भरलेत, आता सोडून द्या’ हे जे त्या म्हणणार होत्या ते गिळून टाकलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना स्वयंपाकघर एकटीला मिळालं होतं.

बातमी रेवदंड्यात गाडीच्या आधी पोहोचली होती. समोरच्या घरातले सिराजुद्दीन सगळ्यांत आधी आले. ते बावीस वर्षं मस्कतला बंदरावर नोकरी करून परत आलेले. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर मस्कतमध्ये काय करतात हे त्यांना ठाऊक असायचं. त्यांनी नोटीस वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि सांगितलं की तिथे असा फलक लावणाऱ्यालाच आधी आत टाकतील. मग म्हणाले की बोलून काही होत नाही, पुरावा लागतो, आणि घरातून पन्नास फुटी टेप घेऊन आले. त्यांच्या खतिजाबींनी दारातूनच विचारलं की घरातल्या माळ्याचं माप घ्यायला सहा महिने ही टेप का मिळत नव्हती. सिराजुद्दीननी ते ऐकलं नाही.

दोघे सिराजुद्दीनच्या गाडीतून वेळशेतला गेले. दोन फलकांमधलं अंतर एकेचाळीस सेंटिमीटर भरलं. वरच्या फलकावरचं ‘भरती’ सहा इंची, खालच्यावरचं दोन इंची. फोटो काढले: फलकासमोरून, बाजूने, आणि सिराजुद्दीनच्या आग्रहावरून समुद्राच्या बाजूनेही. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस हवा होता, तेव्हा समोरून मोरू आला आणि त्याने ते आपण होऊन धरलं. आपल्याच पंचायतीविरुद्धचा पुरावा आपण मोजतोय हे त्याला माहीत नव्हतं. त्याने ‘अजून कुठं धरू?’ असंही विचारलं. शरदरावांना त्याच्याबद्दल थोडं वाईट वाटलं, पण माप बिनचूक आल्याचा आनंद मोठा होता. येताना दोघे इतके खुशीत होते की रेवदंडा मागे टाकून पुढे निघून गेले आणि पूल लागल्यावर वळले.

मग सल्ले सुरू झाले. गल्लीतला प्रीतम वकील होता, पण त्याची सगळी वकिली वारसाहक्क आणि सातबाऱ्यावर चालायची. त्याने फाईल दोनदा चाळून खेदाने सांगितलं की गाडी तिथे बारा वर्षं बिनहरकत उभी असती तर जागाच आपली झाली असती. आता ती शक्यता उरलेली नाही, पण प्रतिज्ञापत्र करून हरकत घेता येईल, आणि ते तो फुकट करून देईल, कारण असं प्रकरण त्याच्याकडे पहिल्यांदाच आलंय. सुपारीच्या व्यापाऱ्यांनी माहितीचा अधिकार सुचवला. देवळातल्या गुरुजींनी शांत सुचवली. एका भाच्याने गाडीचा तरंगता व्हिडिओ पाठवला. त्याला चाळीस हजार माणसांनी पाहिलं होतं आणि खाली कुणीतरी ‘रेवदंडा ते मांडवा बोटसेवा सुरू’ असं लिहिलं होतं. शरदरावांनी त्याचीही प्रत काढून फाईलला लावली.

सल्ला दिला नाही तो फक्त मनुबाईने. ती टोपली घेऊन सिराजुद्दीनकडे मासे द्यायला यायची. त्या दिवशी तिने शरदरावांच्या फाटकाशी टोपली उतरवली आणि कमरेवर हात ठेवून त्यांना नीट न्याहाळलं.

“दादा, तुमी रेवदंड्याचंच ना?” तिने विचारलं. “मंग भरती कलली न्हाय व्हय?”

ती चेष्टा करत नव्हती, हेच वाईट होतं. तिला मनापासून कुतूहल होतं. शरदराव फलकांतलं अंतर सांगू लागले. तिने ते ऐकून घेतलं, मान डोलावली, टोपली डोक्यावर घेतली आणि चौलापर्यंतच्या प्रत्येक दारात ती गोष्ट पोहोचवली. तिच्या गोष्टीत सेंटिमीटर नव्हते.

वेळशेतचे ग्रामसेवक तीन गावं सांभाळायचे आणि वेळशेतला मंगळवारी बसायचे. पहिल्या मंगळवारी ते प्रशिक्षणाला गेले होते. दुसऱ्या मंगळवारी भेटले, पण अर्जाला मूळ नोटीस जोडायला हवी म्हणाले. मूळ नोटीस शरदरावांनी वाळवून, वर्तमानपत्राच्या दोन कागदांमध्ये घालून, जपून इस्त्री केली होती. इस्त्रीने शाई उडाली. नाव गेलं, तारीख गेली, क्रमांक गेला, दंडाचा आकडा गेला. राहिला तो एकच शब्द, ‘जाणीवपूर्वक’, आणि खाली मोरूची सही. ग्रामसेवकांनी कागद उजेडात धरला. यावरून तुम्हाला दंड झाला हेच सिद्ध होत नाही, मग हरकत कशाला घेता, असं त्यांनी सौजन्याने विचारलं. प्रमाणित प्रत मिळेल का? मिळेल, फक्त नोटिशीचा क्रमांक द्या. क्रमांक नोटिशीवर होता. नोटीस अशी होती. शेवटी मोरूच कार्बनची प्रत शोधून घेऊन आला आणि शरदरावांना म्हणाला की तुमची सही लई झ्याक आहे, म्हणून पान लक्षात राहिलं.

यानंतर अधिकाराचा मुद्दा निघाला. ग्रामसेवक म्हणाले, कोरडी वाळू आमची, पण जिथवर पाणी येतं ती जागा बंदराचं काम पाहणाऱ्या ऑफिसकडे. त्यांचा अभिप्राय आणा. शरदराव त्या ऑफिसात गेले. तिथल्या टेबलावर एक पोक्त कारकून होते. त्यांनी फाईल शेवटच्या पानापासून वाचली, आणि तेव्हाच शरदरावांनी ओळखलं की हा माणूस जाणकार आहे. वाचून झाल्यावर कारकुनांनी विचारलं की गाडी नेमकी कोणत्या क्षणी दंडाला पात्र झाली. अकरा वाजता लावली तेव्हा जागा कोरडी होती, म्हणजे तेव्हा नियम मोडला नव्हता. दीड वाजता जागा ओली होती, पण तेव्हा गाडी कुणी लावत नव्हतं. आणि तरंगल्यानंतर तिला वाहन म्हणायचं की जलयान, हा तिसरा मुद्दा. जलयान म्हटलं तर नोंदणी कुठे आहे? शरदराव थक्क होऊन ऐकत राहिले. इतकं कसदार बोलणं त्यांच्या कानावर आठ महिन्यांत पडलं नव्हतं. दोघांनी चहा घेतला. मग कारकुनांनी अभिप्राय दिला: ‘सदर बाब या कार्यालयाच्या कक्षेत येत असल्यास योग्य ती कार्यवाही व्हावी, येत नसल्यास नाही.’ हा कागद शरदरावांनी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला. परतताना एस्टीत त्यांनी तो दोनदा काढून वाचला.

हरकतीची सुनावणी पंचायतीच्या मासिक सभेत ठरली. आदल्या आठवड्यात प्रीतमने प्रतिज्ञापत्र टाइप करून आणलं आणि शरदरावांच्या ओटीवर सिराजुद्दीननी ते मोठ्याने वाचलं. मजकूर असा होता: ‘मी, शरच्चंद्र विनायक वर्तक, वय एकोणसाठ, राहणार रेवदंडा, जन्मापासून समुद्रकिनारी वास्तव्यास असून, सदर फलकावरील भरती या शब्दाचा अर्थ समुद्राची भरती असा असल्याचे मला समजले नाही.’

सिराजुद्दीन वाचायचे थांबले. वाडीत एक झावळी पडल्याचा आवाज आला.

शरदरावांनी कागद हातात घेतला. दीड महिना त्यांनी सेंटिमीटर मोजले होते, कलमं शोधली होती, शिक्के मिळवले होते, आणि या सगळ्याच्या शेवटी आपल्याला सिद्ध काय करायचं आहे हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. हरले तर ते नियम मोडणारे लबाड ठरत होते. जिंकले तर, सरकारी शिक्क्यानिशी, ठरावानिशी, ते भरती न कळणारे रेवदंडेकर ठरणार होते. त्यांचे आजोबा गलबतावर खलाशांचे तांडेल नव्हते, पण सुपारी गलबतातूनच पाठवायचे. त्यांनी प्रीतमला विचारलं की ‘समजले नाही’ऐवजी ‘वेगळे समजले’ असं घालता येईल का. प्रीतमने घातलं. तरी ते तसंच वाटत होतं. ‘त्या विशिष्ट क्षणी’ असंही घालून पाहिलं. मग तर ते त्या क्षणी भोवळ आल्यासारखं वाटू लागलं.

दुर्गाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि म्हणाल्या, “लबाड की बावळट, एक काय ते ठरवा. दोन्ही नाही असं कुणालाच मिळत नाही.”

तीन दिवस शरदराव वाडीत फेऱ्या मारत होते. फाईल टेबलावर मिटलेली होती. गुडघा पुन्हा दुखू लागला. लबाड म्हणवून घेतलं तर निदान लोक आपल्याला हुशार समजतील, हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पण तो शब्द ज्या दोघांना त्यांनी लावला होता त्यांचे चेहरे आठवले. त्यातल्या एकाने तरी खरोखरच नियम वाचताना चूक केली नसेल कशावरून, असं त्यांना तेहेतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी कागदावर सही केली. ही सही चांगली आली.

सभेच्या दिवशी पंचायतीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. व्हिडिओ पाहिलेली माणसं मालकाला प्रत्यक्ष बघायला आली होती. शिबिरातली मुलंमुली सराव आटोपून, ट्रॅकसूटमध्येच, खिडक्यांशी उभी होती. सरपंच सुचिताताई म्हात्रे पूर्वी बालवाडी चालवायच्या. त्यांनी एक बोट वर केलं आणि खोली गप्प झाली. शरदराव उभे राहिले. पहिल्या दिवशी कचेरीत रुजू होताना वाटलं होतं तसं त्यांना वाटत होतं. त्यांनी अंतरं सांगितली, अक्षरांची मापं सांगितली, अभिप्राय वाचला. सभासदांना अभिप्राय दोनदा ऐकावा लागला. मग त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि ‘राहणार रेवदंडा’ला मागून कुणीतरी खुदकन हसलं.

सुचिताताईंनी विचारलं, “काका, म्हणजे समुद्रासमोर उभं राहून तुम्हाला भरती म्हटल्यावर समुद्र आठवला नाही?”

शरदरावांनी कागद खाली ठेवला.

“नाही आठवला,” ते म्हणाले. “समुद्राकाठी जन्मलो, आणि नाही आठवला. तेहेतीस वर्षं मी माणसांची भरती पाहिली. पाण्याची पाहायची राहून गेली. बावळटपणा झाला, तो लिहून घ्या. जाणीवपूर्वक मात्र केलं नाही.”

हसायला टपलेली माणसं हसायची विसरली. आणि तेवढ्यात खिडकीशी उभ्या असलेल्या एका मुलीने, वर्गात करतात तसा, हात वर केला. ती म्हसळ्याची आफिया. पोलीस भरतीच्या तयारीसाठी शेजारच्या गावात खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहिलेली.

“मॅडम, त्या फलकामुळेच आम्ही गाड्या एस्टी स्टँडवर लावतो ना,” ती म्हणाली.

सुचिताताईंना समजेना. आफियाने सांगितलं की तिचे खालू, मावशीचे यजमान, रोज पहाटे स्कूटरवरून तिला आणतात, पण पंचायतीचा वाहनतळ इतक्या लवकर उघडत नाही आणि मैदानाशी भरतीच्या वेळी वाहने लावू नयेत असं लिहिलंय म्हणून स्कूटर दोन किलोमीटर लांब स्टँडवर ठेवतात आणि मग दोघं चालत येतात. ती एकटी नाही, शिबिरातली सगळीच. चार महिने. सरांना वाटायचं की मुलं आपण होऊन अंग गरम करायला चालत येतात, म्हणून सरांनी दोनदा कौतुकही केलं. खिडकीतल्या सगळ्या ट्रॅकसूटांनी माना डोलावल्या. सव्वीस मुलं आणि त्यांचे पालक, सगळ्यांनी फलक शरदरावांसारखाच वाचला होता आणि निमूटपणे पाळलाही होता.

सुचिताताईंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्या खांद्यांवरून कळलं की त्या हसताहेत, आणि मग खोली फुटली. ग्रामसेवक हसले, सभासद हसले, मोरू तर भिंतीला टेकला. या खेपेला शरदरावही हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिराजुद्दीननी उठून, मस्कतमध्ये अशा वेळी काय करतात हे न सांगता, त्यांना सरळ मिठी मारली. ठराव एकमताने झाला: दंड रद्द, ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द नोंदीतून वगळावा, आणि फलकाचा नवा मजकूर श्री. वर्तक यांनी विनामोबदला करून द्यावा.

तो आठवडा शरदरावांच्या घरात लगीनघाई होती. मजकुराचे अकरा मसुदे झाले. सगळ्यांत छोटा मसुदा ‘सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, समुद्राच्या, नोकरीच्या नव्हे, भरतीच्या कालावधीत’ असा सुरू होऊन नऊ ओळींनी संपत होता. पेंटरने पत्रा मोजला आणि सांगितलं की एवढं लिहायचं तर फलक नको, भिंत बांधा. आणि गाडीवाला हे वाचून पूर्ण करेपर्यंत पाणी येईल. शरदराव हिरमुसले. दुर्गाबाई पोळ्या लाटत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या की सरळ ‘येथे गाडी बुडेल’ असं लिहा. सिराजुद्दीन म्हणाले, बस, खलास. शरदरावांना दोन दिवस हा अपमान पचला नाही. इतक्या उघड्या मराठीत त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. पण दुसरं काही सुचेना, तेव्हा त्यांनी एकच अट घातली, की खाली रीतसर ‘आदेशावरून’ हवं. फलक तसाच रंगला: ‘येथे गाडी बुडेल. आदेशावरून.’

माघी गणेशजयंतीला तो लागला. सुचिताताईंनी शरदरावांच्या हातून नारळ फोडवला. आफियाने आणि शिबिरातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या; तिची लेखी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती, ती आशीर्वाद घेऊन अभ्यासाला पळाली. माणसं पांगली. शरदराव फलकाकडे थोडं लांबून, थोडं जवळून पाहत होते, तेवढ्यात ठाण्याची एक गाडी सुरूच्या बनातून आली आणि कचकन थांबली. चालवणारा तरुण खाली उतरला. त्याने फलक वाचला, शुभ्र सपाट मैदान पाहिलं, दूरवरचा समुद्र पाहिला.

“काका, खरंच बुडेल?” त्याने विचारलं. “किती वाजता?”

शरदरावांच्या तोंडून आपोआप निघालं, आज चतुर्थी. लहानपणी वडील धक्क्यावर बोटं मोजायला लावायचे: तिथीची पाऊणपट केली की पुऱ्या भरतीची वेळ. चारची पाऊणपट तीन. पन्नास वर्षांत त्यांनी हा हिशेब एकदाही केला नव्हता आणि तो हातात जसाच्या तसा होता.

“तीन वाजता,” ते म्हणाले. “वाहनतळात लाव जा. उजवीकडे जागा आहे.”

तरुण आभार मानून गेला. शरदरावांना आता तिथून पाय निघेना. सव्वा वाजला होता. सिराजुद्दीन जेवायला बोलवायला आले आणि कारण ऐकून तेही थांबले. दुर्गाबाई बांधावर बसल्या. शरदरावांनी वाळूत एक काटकी रोवली. पाणी गोळाफेकीच्या वर्तुळापर्यंत आलं, चुन्याच्या रेघा एकेक करून पुसत गेलं. तीन वाजले. पाणी अजून चढतच होतं. शरदरावांनी काटकी उपटून किनाऱ्याच्या बाजूला रोवली, परत रोवली. तीन वाजून बारा मिनिटांनी एक लाट काटकीपाशी आली, जराशी थांबली आणि मागे वळली. पुढची लाट तिथवरही आली नाही.

सिराजुद्दीननी टाळी दिली. शरदरावांनी खिशातून टिपणवही काढली आणि लिहिलं: ‘समुद्रास बारा मिनिटे विलंब. कारण नमूद नाही.’

दुर्गाबाईंनी बांधावरून विचारलं की आता त्यालाही नोटीस काढणार का.

शरदरावांनी समुद्राकडे पाहिलं आणि टिपणवही मिटली.

“राहू दे,” ते म्हणाले. “जाणीवपूर्वक केलेलं दिसत नाही.”